मेंढी सापडल्यावर सापडणारा पट्टा

वीज वाचवण्यात अख्ख्या नॉर्वेत माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगतो. म्हणजे मागच्या सप्टेंबरपर्यंत सांगत होतो. लोक पाणी वाचवतात, वेळ वाचवतात. मी मायक्रोअँपिअर वाचवतो. टीव्ही बंद केल्यावर त्याच्या कोपऱ्यात जो लाल ठिपका जळत राहतो ना, तेवढ्या विजेत माझी शंभर यंत्रं हिवाळा काढतील! घरी मी कॉफीच्या यंत्राची वायरसुद्धा काढून ठेवतो. माझी बायको इंगुन म्हणते, "याचं चाललं तर हा मला दोन वाक्यांच्या मधेही बंद करून ठेवेल." कल्पना वाईट नाही, पण मी तसं कधी बोलून दाखवलेलं नाही.

कोंग्सबेर्गमधल्या आमच्या छोट्याशा कंपनीत आम्ही मेंढ्यांच्या गळ्यातले पट्टे करतो. जूनमध्ये मेंढ्या डोंगरावर मोकळ्या सोडायच्या आणि सप्टेंबरात, बर्फ पडायच्या आत, सगळ्या गावाने मिळून शोधून खाली आणायच्या, अशी आमच्याकडची रीत. मधल्या काळात कोणती मेंढी कुठे चरते आहे ते शेतकऱ्याला फोनवरच्या नकाशात ठिपक्याने दिसावं, म्हणून पट्ट्यात एक डबी. डबीत जागा ओळखणारं यंत्र, निरोप पाठवणारा रेडिओ आणि अंगठ्याएवढी बॅटरी. मेंढीला काही रोज संध्याकाळी चार्जिंगला लावता येत नाही.

आता गोम अशी, की रेडिओ झोपला तरी झोपेत वीज चाटत राहतो. त्यावर इलाज म्हणजे लोड स्विच. मोहरीएवढा असतो. बॅटरी आणि बाकी सगळ्यांच्या मधे हा दारवान उभा. त्याच्या एका पिनवर वीज चढली की दार उघडं, उतरली की दार बंद, आणि बंद म्हणजे ठार बंद. एक चिमुकलं घड्याळ त्या पिनला सारखं खाली दाबून धरतं. निरोप पाठवायची वेळ झाली की घड्याळ आपला हात काढून घेतं आणि एक छोटा रेझिस्टर पिनला वर उचलतो. दार उघडतं, मेंढी कुठे आहे ते कळतं, दार पुन्हा बंद.

सगळं झकास. फक्त तो रेझिस्टर! पिन वर उचलायचं काम दिवसातून चार-दोन वेळा, आणि हा गडी चोवीस तास थेंबथेंब वीज गाळत बसणार. फुकट पगार खाणारी माणसं मला ऑफिसातही खपत नाहीत. मी तो काढून टाकला.

"इथला रेझिस्टर कुठे गेला?" विग्दिसने विचारलं. विग्दिस आमची मालकीण. दुपारची जेवणाची सुट्टी होती, सगळे आपापल्या डब्यातले तपकिरी चीजचे पाव चावत बसले होते.

"काढला."

"का?"

"वीज खात होता."

"मग पिन कोण उचलतं?"

"आपोआप उचलली जाते. तीन आठवडे टेबलावर चाचणी चाललीय, एकदाही चुकली नाही. बॅटरी तीन वर्षं टिकायची ती आता पाच वर्षं टिकेल."

विग्दिसने पाव खाली ठेवला. "वेगळं आहे हं," ती म्हणाली.

आमच्या देशात 'वेगळं आहे' हे माणसाला नारळ द्यायच्या आधीचं शेवटचं वाक्य असतं. मला ते कौतुक वाटलं. बाकीच्यांनाही काही विचारावंसं वाटलं असेल, पण जेवताना कोणाला अडचणीत आणणं आमच्याकडे असभ्य समजतात.

पिन आपोआप का उचलली जात होती, ते मला सप्टेंबरात कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. माझ्या टेबलावर ट्यूबलाइट होती, पायाशी हीटर, कोपराशी कॉफीचं यंत्र, भिंतीतून धावणाऱ्या तारा. अशा ठिकाणी अधांतरी सोडलेली पिन आजूबाजूच्या विजेच्या नुसत्या वाऱ्याने वर येते. डोंगरावर ट्यूबलाइट नसते. हे लहान मुलालाही सुचेल, पण आमच्या कंपनीत लहान मूल नव्हतं.

पहिले पट्टे घ्यायला राजी झाला माझा सासरा, एम्ब्रिक. हालिंगदालच्या खोऱ्यात त्याची मेंढरं आहेत, आणि सप्टेंबरात मेंढ्या खाली आणणाऱ्या गावकऱ्यांचा तो कित्येक वर्षांचा म्होरक्या. आमच्याकडे सासऱ्यालाही नावाने आणि 'तू' म्हणूनच हाक मारतात, त्यामुळे भांडताना काही आड येत नाही. हा माणूस आयुष्यात एकदाही चुकलेला नाही. चुकलेली असते ती वाट, हवा किंवा शेजारचा हालवोर. हालवोर तरुण, शांत, आणि त्या म्होरकेपणावर डोळा ठेवून असलेला. एम्ब्रिकला गेल्या काही वर्षांत गुडघे साथ देईनात. हालवोर त्याबद्दल काही बोलत नसे, नुसता गुडघ्यांकडे बघायचा.

"इंजिनियर," एम्ब्रिक मला म्हणाला, "तुझा पट्टा चालला तर मी खुर्चीत बसून मेंढ्या गोळा करेन आणि तो हालवोर बघत राहील."

"चालणारच."

"नाही चालला तर तू माझा जावई नाहीस."

"ते इंगुन ठरवेल ना?"

"तिला मी सांगेन."

विग्दिसचंही गणित होतं. एम्ब्रिकच्या मेंढ्या वेळेत खाली आल्या, की खोऱ्यातले सगळे मेंढीवाले पट्टे घेणार. मेमध्ये आम्ही गोठ्यात जाऊन पट्टे बांधले. गोठ्यात मोटारी, दिवे, पंखे! नकाशावर ठिपके नुसते लखलखत होते. एम्ब्रिकने प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून मेंढीचं नाव सांगितलं. सगळ्यांत पुढे चालणारी म्होरकी मेंढी दोक्का. तिचा ठिपका जरा मोठा ठेवायला त्याने मला लावलं.

जूनमध्ये मेंढ्या वर गेल्या आणि ठिपके एकेक करून विझले.

"रेंज नसेल," मी विग्दिसला म्हणालो. "डोंगर आहे, थोडा वेळ दे."

थोडा वेळ दिला तोवर जुलै आला. जुलैत नॉर्वेत काही बिघडत नाही, कारण बघायला कोणी जागेवर नसतं. सगळा देश सुट्टीवर, ऑफिसला कुलूप. मी आणि इंगुन रानातल्या आमच्या लाकडी झोपडीत, जिथे वीज नाही याचा आम्हाला फार अभिमान आहे. विग्दिस कुठल्याशा बेटावर. एम्ब्रिकने एकदा फोन केला होता म्हणे, पण माझा फोन बंद होता. बॅटरी वाचवत होतो.

ऑगस्टात परत येऊन नकाशा उघडला आणि खुर्चीतून उठलोच. ठिपके परत आले होते! सगळे नाहीत, पण पुष्कळ. आणि तेही कसे? ओळीत. डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीने आखावी तशी सरळ रेघ, आणि मेंढ्या त्या रेघेवर. कधी ही दिसे, कधी ती, पण रेघ सोडून एकही नाही. मी धावतपळत एम्ब्रिककडे गेलो.

त्याने फोन हातभर लांब धरून बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"ही माझ्या आजोबांची वाट," तो म्हणाला. "याच वाटेने ते जनावरं बाजाराला न्यायचे. मेंढ्यांच्या रक्तात उतरलीय बघ."

"पण इतकी सरळ?"

"आजोबा सरळ माणूस होते."

"नकाशात तिथे काहीच दिसत नाही." नकाशा हलका राहावा म्हणून त्यातल्या झोपड्या, मनोरे, तारा मीच पुसून टाकल्या होत्या.

"दिसेल कशी? आता तिथे वीजवाहिनी आहे ना, मोठ्या मनोऱ्यांची. सरकारने पण आजोबांचीच वाट पकडली. लोकांना चांगलं ते कळतं."

त्या क्षणी माझ्या डोक्यात दिवा लागायला हवा होता. लागला नाही. तोही बहुतेक बचतीवर होता.

एम्ब्रिक गप्प बसणारा नव्हे. स्थानिक वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, शेजारी दोक्काचा जुना फोटो, खाली मथळा: 'मेंढ्यांना आठवते पूर्वजांची वाट'. विद्यापीठातल्या एका बाईंचा फोन आला, त्यांना रेघेवर निबंध लिहायचा होता. शेवटी गावच्या सभागृहात मेंढीवाल्यांची बैठक भरली. कॉफी, वाफल, आणि एम्ब्रिकचं भाषण.

"या वर्षी शनिवारी जेवणाच्या आत सगळी मेंढरं खाली," तो म्हणाला. "वाट माझी, पट्टे माझ्या जावयाचे. नाही जमलं तर हालवोर, तू हो म्होरक्या."

हालवोरने वाफलवर जॅम पसरला. "शनिवारी दुपारपासून बर्फ सांगितलंय," तो म्हणाला.

"म्हणून तर जेवणाच्या आत."

"बरं," हालवोर म्हणाला, आणि सगळ्यांनी ते लक्षात ठेवलं.

शनिवारी सकाळी अंगात नारिंगी जाकिटं घालून सगळं गाव वर चढलं. विग्दिसही आली होती, पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं नवंकोरं जाकीट घालून. एम्ब्रिक पुढे. फोन त्याने घरीच ठेवला होता. "फोन असला की लोक फोन करतात," म्हणाला. "नकाशा माझ्या डोक्यात आहे."

वीजवाहिनीखाली पोचलो तर खरोखरच मेंढ्या होत्या. मूठभर. दार उघडलं की लागणारे त्यांच्या पट्ट्यांवरचे हिरवे दिवे मधूनमधून लुकलुकत होते; मेंढ्या शोधायच्या दिवशी घड्याळ दर दोन-तीन मिनिटांनी हात काढून घेईल असं मी ठेवलं होतं. वर तारांची घूं घूं चालू होती.

"बाकीच्या कुठे?" हालवोरने विचारलं.

"पुढे असतील," एम्ब्रिक म्हणाला.

मी एका मेंढीचा पट्टा सोडून हातात घेतला. दिवा लुकलुकला. थर्मासमधली कॉफी घ्यायला म्हणून आडोशाला, एका मोठ्या खडकामागे बराच लांब गेलो. दिवा मेला. तारेखाली परत आलो. लागला. पुन्हा लांब. मेला. मी वर तारांकडे पाहिलं, मग हातातल्या डबीकडे, आणि कॉफी न पिताच थर्मासचं झाकण लावलं. रेघ आजोबांची नव्हती. मेंढ्या सगळ्या डोंगरभर चरत होत्या. जी चरत चरत तारांखाली यायची, तिची अधांतरी पिन वर यायची आणि तीच तेवढी आम्हाला दिसायची. बाकीच्या मेंढ्यांच्या गळ्यात नुसता प्लॅस्टिकचा दागिना!

"काय झालं?" विग्दिसने विचारलं. तिच्यामागे खोऱ्यातले चार मेंढीवाले उभे होते, पट्टा घ्यावा की नाही या विचारात.

आता इथे सरळ माणसाने काय सांगितलं असतं? मीही तेच सांगणार होतो. तोंडातून मात्र निघालं, "लांबच्या पट्ट्यांनी स्वतःला बचतीवर टाकलंय."

"ऐकलंत?" विग्दिस मागे वळून म्हणाली. "थंडी पडली की आमचा पट्टा स्वतःहून वीज वाचवतो. मेंढीचा स्वभाव ओळखून."

"म्हणजे मेंढ्या वाटेवरच आहेत, पुढे," एम्ब्रिक म्हणाला, आणि कोणी काही बोलायच्या आत तारांची रेघ धरून पुढच्या धुक्यात चालता झाला.

मी हाक मारायला तोंड उघडलं. विग्दिसकडे पाहिलं आणि मिटलं. आजही आठवलं की लाज वाटते.

हालवोर तारांकडे पाठ करून निघाला. कुत्रा घेतला, माणसं वाटली आणि दक्षिणेच्या उतारावर पाठवली, जिथे दर वर्षी थंडी पडली की मेंढ्या जातात. तिथेच सापडल्या. दुपारपर्यंत जवळजवळ सगळी मेंढरं कुंपणात आली. राहिली फक्त दोक्का. आणि एम्ब्रिक.

बर्फ सुरू झालं. आधी भुरभुर, मग चांगलंच. धुकं इतकं, की हातातला पाव दिसेना.

"बाबा कुठे आहेत?" इंगुनने मला बाजूला घेतलं.

"पुढे गेलाय. वाटेवर."

"कुठल्या वाटेवर? आउदुन, माझ्याकडे बघ."

मी बघितलं आणि सगळं सांगून टाकलं. रेझिस्टर, पिन, तारा. ती शांतपणे ऐकत होती. शांत असली की मला जास्त भीती वाटते.

"म्हणजे ती वाट नाहीच," ती म्हणाली.

"नाही."

"आणि तू त्यांना जाऊ दिलंस. विग्दिससमोर नाक कापलं जाईल म्हणून."

"मला वाटलं, थोडं पुढे जाऊन येईल परत."

"आयुष्यात एकदा तरी परत फिरलेत ते?" तिने माझी बाही धरली. "गुडघे बघितलेस त्यांचे? रात्रभर बाहेर राहिले तर?"

 मी जाऊन हालवोरला सगळं सांगितलं, विग्दिसच्या देखत. विग्दिस पांढरी पडली. हालवोर नुसता "बरं" म्हणाला आणि बचावपथकाला फोन लावायला खिशात हात घातला.

तेवढ्यात खिशातला तो फोन टिंग वाजला. मग माझा. मग इंगुनचा, मग ज्याच्या ज्याच्याकडे नकाशा होता त्या सगळ्यांचे. पडद्यावर मीच हौसेने लिहिलेलं वाक्य होतं: 'तुमची मेंढी सुरक्षित आहे.' आणि नकाशावर, रेघेपासून पार लांब, भलत्याच खोलगटात, एक मोठा ठिपका.

"दोक्का," मी म्हणालो. "पण तिथे तारा नाहीत. तिथे विजेचं नावसुद्धा नाही. हे शक्यच नाही."

"मग कोणीतरी केलंय शक्य," हालवोर म्हणाला. "चला."

निम्म्या वाटेवर असताना पुन्हा टिंग. तीच जागा. इंगुन पळायलाच लागली.

खोलगटात एका दगडावर एम्ब्रिक बसला होता, टोपीवर बर्फाचा थर. मांडीशी दोक्का, आणि तिच्यामागे वाऱ्याला पाठ करून तिची कोकरं. त्याच्या डब्यातला शेवटचा पाव दोक्काच्या तोंडात होता. तो आपल्या नायलॉनच्या जाकिटाच्या बाहीने तिच्या गळ्यातली डबी घासत होता. घास घास घासायचा, दिव्याकडे बघायचा, पुन्हा घासायचा. त्या घासण्याने डबीवर चढलेल्या विजेनेच पिन वर उचलली होती. हेच काम मी ज्या रेझिस्टरला नाकारलं, तो रेझिस्टर तांदळाच्या कणीएवढा असतो.

"बाबा!" इंगुनने त्याला मिठी मारली. रडत होती ती. मलाही हुंदका आला, तो मी खोकल्यावर घातला.

"काय रडारड आहे?" एम्ब्रिक म्हणाला. "मेंढी सापडलीय."

"तू हरवला होतास," हालवोर म्हणाला.

"मी? मी मेंढीपाशी होतो. हरवली होती ती मेंढी. मी थांबलो होतो, तुम्ही येईपर्यंत." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "इंजिनियर, डबी घाण होते तुझी. चिखल बसला की बंद पडते. पुसली की लगेच चालते. पुढच्या वेळी पुसायला काहीतरी जोडून दे."

त्याचे गुडघे थंडीने असे आखडले होते, की त्याला उठवायला दोघं लागले. खाली येईपर्यंत तो हालवोरच्या खांद्यावर हात टाकून चालत होता, आणि हालवोरला वाट दाखवत होता.

त्या संध्याकाळी सभागृहात कोबी घालून शिजवलेल्या मटणाची पातेली मांडली होती. पहिली वाढणी झाली की म्होरक्याचा विषय निघणार, हे सगळ्यांना माहीत होतं. जेवणाची वेळ टळून गेली होती आणि मेंढ्या एम्ब्रिकच्या वाटेवर नव्हत्या. तो ताटात बघत होता.  तेवढ्यापुरता तो मला खरंच म्हातारा दिसला.

हालवोर उभा राहिला. बोलायची सवय नाही त्याला, कानांपर्यंत लाल झाला.

"म्होरक्या एम्ब्रिकच राहू दे," तो म्हणाला. "पळापळ मी करतो. फक्त एक अट आहे."

"कसली अट?" एम्ब्रिकने मान वर केली.

"ते पट्टे मेंढ्यांना नकोत. मेंढ्या दर वर्षी एकाच उतारावर जातात, आम्हाला माहीत असतं त्या कुठे आहेत. तू कुठे असतोस ते कळत नाही. एक पट्टा तू घाल."

 मग एकेक हात वर गेला. इंगुनचा सगळ्यांत आधी. एम्ब्रिकने आजूबाजूला पाहिलं, आपण म्होरके राहिलो एवढंच त्याने मोजलं असावं, कारण त्यानेही हात वर केला.

विग्दिसने माझ्या कानात विचारलं, "किती पट्ट्यांची मागणी झाली ही?"

"एक."

"वेगळं आहे हं," ती म्हणाली. या वेळी मला अर्थ कळला.

सोमवारी मी तो पट्टा स्वतः तयार केला. रेझिस्टर घातला, दोनदा तपासला, तारांपासून लांब शेतात उभं राहून पुन्हा तपासला आणि बांधायला घेऊन गेलो. मेंढीचा पट्टा एम्ब्रिकच्या गळ्याला पुरेना, म्हणून एडक्याचा द्यावा लागला. हे मात्र तो खोरंभर सगळ्यांना सांगत सुटलाय.